बटण नसलेली परीक्षा

माझे कान तपासून घ्यायचे, हे आमच्या घरात माझ्या गैरहजेरीत ठरलं. म्हणजे मी तिथेच होतो, हॉलमध्ये, पेपर वाचत. मुलगी आणि जावई माझ्यापासून चार हातांवर बसून पाऊण तास बोलले म्हणे. त्यातलं मला काहीच कळलं नाही, आणि नेमका तोच त्यांचा मुद्दा होता.

शेवटी मुलीने माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि लहान मुलाला समजावतात तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं. आतापर्यंत ती आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जायची आणि त्या तीन दिवशी माझी अकरा महिन्यांची नात माझ्या ताब्यात असायची. पुढच्या महिन्यापासून ऑफिसने पाचही दिवस बोलावलं होतं. बाळ पाच दिवस माझ्याकडे ठेवायला तिची हरकत नव्हती, पण आधी कान तपासायचे. ठीक निघाले तर बाळ घरी. नाही निघाले तर रिंग रोडच्या कडेचं पाळणाघर.

मी म्हणालो, माझे कान उत्तम आहेत, तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता. हे मी गेली सहा वर्षं म्हणत होतो, आणि त्यावर माझा विश्वासही होता, निदान दोन महिन्यांपूर्वीपर्यंत. या पिढीला बोलताना ओठ हलवायचा कंटाळा येतो हे माझं मत मात्र अजूनही बदललेलं नाही.

पाळणाघराचं नाव निघालं आणि मी पेपर खाली ठेवला. बायको गेल्यावर मी इंदिरानगरचं घर सोडून बेंगळुरूतच मुलीकडे मारतहळ्ळीला आलो. इथे अकराव्या मजल्यावर मला दिवसभर काही काम नाही. पेपर दोनदा वाचून होतो. त्यात हे तीन दिवस माझ्या वाट्याला आले होते. मी नातीला मऊ भात भरवायचा, तिने माझा चष्मा ओढायचा, मी तो पुसून परत लावायचा, तिने परत ओढायचा, असं आमचं तासन्‌तास चालायचं. मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. ते दिवस गेले असते तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही.

आणि कान उत्तम नव्हते हे मला ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी एका बुधवारी मी हॉलमध्ये पेपर दुसऱ्यांदा वाचत होतो. पाणी प्यायला उठलो आणि सहज तिच्या खोलीत डोकावलो. ती पाळण्याचे गज धरून उभी होती. चेहरा लालबुंद, नाक वाहतंय, आवाज बसलेला, नुसते हुंदके. किती वेळ रडत होती कोण जाणे. मी तिला उचललं, तोंड धुतलं, पावडर लावली. संध्याकाळी मुलीने विचारलं तेव्हा म्हणालो, "शहाण्यासारखी होती दिवसभर." असं धडधडीत खोटं मी नोकरीतही कधी बोललो नव्हतो.

नोकरीचं सांगायला हवं. चौतीस वर्षं मी एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होतो. दुसऱ्यांनी बनवलेले भाग पास की नापास, हे ठरवायचं काम. समोरचा फिटर कितीही शपथा घेवो, मी गेज लावल्याशिवाय शिक्का मारत नसे. "माणसाला विचारू नका, मापाला विचारा," हे मी नव्या पोरांना इतक्यांदा ऐकवलं होतं की माझी पाठ वळली की ती पोरं माझ्याच आवाजात ते म्हणून दाखवायची. तेव्हा मला ते ऐकू यायचं.

तर त्या बुधवारनंतर मी घरातही तपासणी विभाग उघडला. एका वहीत रकाने आखले आणि दर दहा मिनिटांनी खोलीत डोकावून खूण करायला लागलो. पद्धत चोख होती. फक्त दुपारी जेवणानंतर तपासनीसाला डुलकी लागायची.

शिवाय शेजारच्या अक्का होत्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं, मराठी बोलतात पण त्यात निम्मं कन्नड. चांगल्या बाई, पण त्यांना वेळेचं भान म्हणून नव्हतं. बरोबर बाळ उठायच्या सुमाराला त्या दारात हजर. हातात वाटी. "अण्णा, स्वल्प कडीपत्ता देता का?" मी दार उघडायचो तेही त्या दाराशेजारच्या खिडकीच्या जाळीतून हात घालून माझ्या तोंडासमोर हलवायच्या तेव्हा. मग थेट आत शिरायच्या, "अय्यो, पोर रडतेय की," म्हणून तिला उचलून आणायच्या आणि कडीपत्ता न घेताच निघून जायच्या. इतका कडीपत्ता एका बाईला लागतो कशाला, असं मी मुलीला एकदोनदा बोललोही. ती म्हणाली, असेल काही कारण.

दवाखाना इंदिरानगरला होता. मी एकटाच गेलो. परीक्षेला कोणी पालक बरोबर नेत नाही. कान तपासणारी मुलगी पंचविशीची असेल, कन्नड बोलणारी. माझं कन्नड मोडकं, तिचं हिंदी बेताचं, पण आमचं जमलं. इथे मी सगळं मराठीतच लिहितो. तिने मला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. बारीकसा जरी आवाज आला तरी दाबायचं. मग बाहेर जाऊन यंत्रामागे बसली.

पहिली दोन मिनिटं मला एकही आवाज आला नाही. मग मी चौतीस वर्षांचा अनुभव कामाला लावला. तपासणी करणाऱ्याला स्वतःच्या सवयी असतात, आणि त्या ओळखल्या की निम्मं काम होतं. ही मुलगी आवाज सोडताना उजवा खांदा किंचित उचलायची आणि लगेच काचेतून माझ्याकडे बघायची. खांदा उचलला की मी बटण दाबायला लागलो. एकही चुकवला नाही. खात्री वाटावी म्हणून मध्येच थोडं कपाळाला आठी घालून, कष्टाने ऐकल्यासारखंही केलं. या कामात मला मजा यायला लागली होती, हे कबूल करतो.

ती बाहेर आली ती कागदाकडे बघतच. म्हणाली, "अंकल, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

मी नम्रपणे मान हलवली. मग तिने फाइल तोंडासमोर धरली आणि काहीतरी विचारलं. मी हसून हो म्हणालो. तिने मला वय विचारलं होतं.

ती रागावली नाही, हे मला जास्त लागलं. शांतपणे म्हणाली की कागद पाहूनच तिला शंका आली होती, म्हणून शेवटी शेवटी तिने चार वेळा नुसताच खांदा उचलला, आवाज सोडलाच नाही. मी चारही वेळा बटण दाबलं होतं. मी आयुष्यभर ज्या फिटरांना पकडलं, त्यांच्या चेहऱ्यावर कोणता भाव यायचा तो मला आठवला, आणि आता तोच माझ्या चेहऱ्यावर आहे हे आरशाशिवाय कळलं.

"आता आपण बटण नसलेल्या परीक्षा घेऊ," ती म्हणाली. या तपासण्यांत पेशंटने काहीच सांगायचं नसतं, यंत्र परस्पर कानालाच विचारतं. मी विचारलं, या असल्या परीक्षा कोणासाठी असतात? ती म्हणाली, "ज्यांना सांगता येत नाही त्यांच्यासाठी, तान्ह्या बाळांसाठी. आणि ज्यांना सांगायचं नसतं त्यांच्यासाठी."

मनात म्हटलं, ही पोरगी आमच्या विभागात असती तर मी तिला वर्षभरात बढती दिली असती.

पहिली परीक्षा सोपी होती. कानात एक मऊ बूच बसवलं, आत हवेचा दाब कमीजास्त झाला, विमान उतरताना होतं तसं कान भरल्यासारखं वाटलं. पडद्यावर डोंगराच्या आकाराची एक रेष उमटली. कानाचा पडदा आणि त्यामागची पोकळी ठीक आहे, असा त्याचा अर्थ. मी लगेच खूश झालो. ती म्हणाली, थांबा.

दुसरी परीक्षा मी जन्मात ऐकली नव्हती. निरोगी कानात आवाज सोडला तर आतला कान उलट आपल्याकडून एक अतिशय बारीक आवाज परत पाठवतो, आणि यंत्र तो पकडतं. माझी नात तीन दिवसांची असताना याच तपासणीत तिच्या दोन्ही कानांनी उत्तर दिलं होतं, कार्डावर पास लिहून आलं होतं, आणि मी ते कार्ड शेजारीपाजारी दाखवत फिरलो होतो. आता माझ्या कानांची पाळी. यंत्राने विचारलं, थांबलं, परत विचारलं. माझ्या कानांनी हूं की चूं केलं नाही. मी मनातल्या मनात त्यांना खूप दटावलं, पण तिथे वशिला चालत नव्हता.

तिसरी परीक्षा दोन दिवसांनी. सूचना अशा: डोक्याला तेल नको, आदल्या रात्री झोप कमी घ्या, कारण तपासणीत झोप लागली तर बरं. घरी आल्यावर मुलीने विचारलं काय झालं. मी म्हणालो, दोन पेपर झाले, एक राहिलाय.

तिसऱ्या पेपरच्या दिवशी मुलगी रजा घेऊन बरोबर आली, नातीला घेऊन. बाहेर बसायच्या खोलीत मी सोडून बाकी सगळे पेशंट दोन वर्षांच्या आतले होते. त्यांनाही आतच झोपायचं होतं, त्यामुळे त्यांच्या आया त्यांना बाहेर झोपू देत नव्हत्या. कोणी खुळखुळा वाजवतंय, कोणी तळपायाला गुदगुल्या करतंय, कोणी ओल्या रुमालाने तोंड पुसतंय. रांगेत मी. माझी मान कलली की मुलगी कोपर मारायची. समोरची एक आई मुलीकडे बघून फार सहानुभूतीने हसली. तिला वाटलं असावं की मीही हिचं बाळच आहे, वयाने जरा मोठं.

आत गेल्यावर माझी झोप साफ उडाली. कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवायच्या होत्या. तेल नको असं सांगूनही मी सवयीने थोडंसं लावलंच होतं. त्या मुलीने कपाळावर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, आणि वाळूसारख्या खरखरीत मलमाने माझं कपाळ भांडं घासतात तसं घासायला घेतलं. मग दिवा मंद करून मला आडवं केलं. कानात टकटक टकटक आवाज सुरू झाला. तो मेंदूपर्यंत पोचतो का, ते या तारा टिपणार होत्या.

मी डोळे मिटले आणि सगळी शक्ती एकवटून ऐकायला लागलो. आवाज बारीक होत गेला तसे मी दात आवळले, मुठी आवळल्या, पायाची बोटंही आवळली. नातीचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. म्हटलं, मेंदूने थोडी तरी मेहनत घ्यावी, चार दुपारी तरी वाचतील.

तिने यंत्र थांबवलं. जवळ येऊन, ओठ मला दिसतील असे समोर आणून म्हणाली, "अंकल, ऐकायचा प्रयत्न करू नका. तुमच्या दातांचाच आवाज येतोय."

सहा वर्षं सगळे मला नीट ऐका म्हणत होते. प्रयत्न करू नका असं पहिल्यांदाच कोणी म्हणालं. माझं अंग एकदम सैल पडलं आणि मी झोपलो. घोरलोही असेन.

उठलो तेव्हा कागद तयार होता. तिने बोटाने दाखवलं: या रेषेत हा पाचवा उंचवटा म्हणजे आवाज मेंदूच्या वाटेवर पोचला. आवाज कमी करत गेलं की तो लहान होत होत नाहीसा होतो. माझा फार लवकर नाहीसा झाला होता, दोन्हीकडे सारखाच. बंद दाराआड बाळ रडलं तर ऐकू येईल का, मी विचारलं. ती म्हणाली, "यंत्रांशिवाय नाही." कानात घालायची यंत्रं घेतली तर येईल का, याला तिने हो म्हटलं नाही, बहुतेक येईल म्हटलं.

मग मी एक हलकट विनंती केली. अहवालात जरा सौम्य लिहिता येईल का. ती म्हणाली, अहवाल आहे तसाच राहील, बाहेर काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तिच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो, फक्त आवाज चढवून.

बाहेर नात मुलीच्या मांडीवर बसून कोणाचा तरी खुळखुळा चावत होती. मी फाइल पाठीमागे धरली होती. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. खोटं बोलायचं मी आतून ठरवून आलो होतो, वाक्यही जुळवलं होतं. ते तोंडातून निघालं नाही.

"नापास झालो," मी म्हणालो. "आणि त्या बुधवारी ती रडत होती. किती वेळ, मला माहीत नाही. मला ऐकूच आलं नाही गं."

"सतरा मिनिटं," मुलगी म्हणाली.

मग रिक्षात, जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर गाडी हलत नसताना, तिने सगळं सांगितलं. माझ्या कानाशी तोंड आणून, ओरडून, त्यामुळे रिक्षावाल्यालाही सगळं कळलं. बाळाच्या खोलीत तिने कॅमेरा लावला होता, खेळण्यांच्या फळीवर. ऑफिसात तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात ती खोली दिवसभर दिसायची. त्या बुधवारी तिने मला सहा फोन केले, मग शेजारच्या अक्कांना लावला. अक्का बाहेर गेल्या होत्या. परत येईपर्यंत मी पाणी प्यायला उठलो होतो. त्यानंतर बाळ रडलं की ती मला फोनच करत नसे. थेट अक्कांना.

मी तपासणी विभागात चौतीस वर्षं काढलेला माणूस. अक्कांच्या बाल्कनीत कमरेएवढं कडीपत्त्याचं झाड आहे, ते मी रोज बघत होतो.

मला राग आला. खराब मालावर नजर ठेवतात तशी माझ्यावर ठेवली होती. मी विचारलं, मला सांगितलं का नाही? तोंडावर बोलायचं होतं.

ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

पुढे मारतहळ्ळीचा पूल आला. रिक्षावाला मध्येच वळून "सरी बिडी सार," म्हणाला, म्हणजे जाऊ द्या साहेब. त्यानेही माझी बाजू घेतली नाही.

यंत्रं आली. पहिले दोन दिवस मी घरभर चिडत फिरलो. पेपरचं पान उलटलं तर पत्रा पडल्यासारखा आवाज. माझ्या सपाता इतक्या फटफट वाजतात हे सहा वर्षं कोणी मला सांगितलं नव्हतं. कुकरची शिट्टी तर मी वैयक्तिक अपमान म्हणून घेतली. शिवाय जावई जेवताना स्वतःशी गुणगुणतो, असं निघालं. तो बेसूर आहे.

यंत्रं लावली म्हणजे बाळ माझ्याकडे, असं अजून ठरलं नव्हतं. मुलीने रविवारी चाचणी ठेवली. ती तरी कोणाची मुलगी. अटी तिने ठरवल्या: बाळ खोलीत झोपलेलं, दार लावलेलं, मी हॉलमध्ये, पेपर उघडा, पंखा चालू. ती स्वयंपाकघरात फोनवर कॅमेरा बघत उभी. माझी तिला एकच विनंती होती, की खांदे वगैरे हलवू नकोस, मी बघेन.

मी पेपर धरून बसलो. एक अक्षर वाचलं नाही. पाऊण तास गेला. फ्रिज, पंखा, खालचे हॉर्न, वरच्या घरातली ओढलेली खुर्ची, सगळं ऐकू येत होतं आणि त्यातलं काहीच मला नको होतं. मग एक अगदी बारीक आवाज आला. ते रडणं नव्हतं. झोपेतून उठलेलं माणूस कुरकुरतं तेवढाच. मला वाटलं यंत्राचाच काही बिघाड असेल, तरी उठलो आणि दार उघडलं.

ती गज धरून उभी होती. खालचा ओठ पुढे आलेला, डोळे कोरडे, मोठा श्वास घेऊन तयार. मला इतक्या लवकर आलेलं पाहून ती गोंधळली. तो श्वास तिने तसाच धरून ठेवला, मग सोडून दिला, आणि रडायचं विसरून माझ्या चष्म्याला हात घातला.

मुलगी मागे येऊन उभी राहिली. मला वाटलं आता निकाल सांगेल. पण ती बाळाकडेच बघत होती.

"माझ्याकडे असली की ती एवढंच करते, बाबा. एवढं कुरकुरली की मी येते हे तिला माहीत आहे. जोरात फक्त तुमच्याकडे रडायची."

मी नातीला उचलून पलंगावर बसलो. मला रडू आलं, आणि त्या यंत्रांमुळे ते मलाच फार मोठ्याने ऐकू आलं. मुलीने खांद्यावर हात ठेवला आणि उद्या दुपारच्या भातात तूप कमी घाला म्हणाली, म्हणजे मी पास होतो. पण मी त्या कुरकुरीचाच विचार करत होतो. अकरा महिन्यांची पोर. माझे कान गेलेत हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तिने त्याबद्दल कोणाकडे तक्रार केली नव्हती. माझ्यापुरता आपला आवाज तेवढा वाढवला होता.